एक्कावन्न कुंड्या



गेल्या आठवड्यात बेळगावच्या वन्सं येऊन गेल्या. येताना कुंदा आणला, मुलांना खाऊ आणला आणि सगळ्यात शेवटी रिक्षातून एक काळी प्लॅस्टिकची पिशवी अगदी तान्ह्या बाळासारखी जपून उतरवली. पिशवीत माती, मातीत बांबूची काडी आणि काडीला धरून चढलेला हातभर वेल. एकेका देठाला तीन-तीन पानं. "वहिनी, ओळखा बघू," म्हणाल्या. मी चष्मा न लावताच ओळखलं. जेड वाईन!

ज्यांनी हा वेल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हा मूळचा फिलिपाईन्सच्या जंगलातला. मांडवावर चढला की त्याच्या फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, हात-दोन हात लांब, कधी त्याहूनही जास्त. फुलाचा आकार वाघनखासारखा. आणि रंग असा की साडीच्या दुकानात कितीही घड्या उलगडल्या तरी सापडायचा नाही. मोरचूद आणि पोपटी यांच्या मधला काहीतरी. त्याच्या मुलखात रात्री वटवाघळं उलटी लटकून त्यातला मध पितात आणि परागीकरण करतात. हा वेल मला वीस वर्षं हवा होता. आणि आता तो आपल्या पायांनी दारात आला, तर मला त्याला "ये" म्हणता येईना. कारण माझ्या एक्कावन्न कुंड्या भरलेल्या आहेत.

ही एक्कावन्नची काय भानगड, ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

आमचं सांगलीत हळदीचं अडत दुकान. बी.कॉम. होऊन मी या घरात आले, तेव्हा दुकानाच्या वह्या मामंजी आणि हे बघत. माझी खतावणी म्हणजे दूधवाला, धोबी आणि किराणा. १९९१ च्या जानेवारीत ह्यांना इरोडच्या हळदबाजारात काम होतं. मीही बरोबर गेले आणि येताना बंगळूरला दोन दिवस थांबलो. सव्वीस जानेवारीच्या सुमाराला लालबागेत फुलांचं प्रदर्शन असतं. तिथं मी पहिल्यांदा हेलिकोनिया पाहिली. केळीसारखी पानं, आणि पानांतून खाली सुटलेली लाल चोचींची माळ, प्रत्येक चोचीच्या कडेला पिवळी-हिरवी किनार. मला ते फूल खरं वाटेना. मी बोटानं दाबून बघितलं, तर तिथला माळी ओरडला.

एका रोपवाटिकेतून तिचा गड्डा तीस रुपयांना घेतला. ह्यांना मुळीच कौतुक नव्हतं. गाडीत मी तो ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले, तर म्हणाले, "आलं खात नाहीस आणि आल्याचा भाऊ मांडीवर घेऊन निघालीस." गंमत म्हणजे ते खरं होतं. आलं, हळद, केळ, कर्दळ आणि हेलिकोनिया हे सगळे वनस्पतिशास्त्रात एकाच मोठ्या गणातले. मी म्हटलं, "मग तुमचं दुकान कशावर चालतं?" "वाळलेल्या हळदीवर," हे म्हणाले, "तुझा गड्डा ओला आहे."

त्यांनी थट्टेत म्हटलं, पण ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. कंदमूळ म्हणजे अनंतकाय, एका शरीरात अनंत जीव, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि म्हणून ताटात घेत नाही. हेलिकोनियाचं बेट वाढलं की सुरीनं गड्डे कापून वेगळे करावे लागतात. पहिल्यांदा मी कापले तेव्हा माझा हात अडखळला होता. आजही अडखळतो. ताटात नको आणि परसात चालतं, हे कसं, याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर माझ्याकडे नाही.

घरी येऊन मी तो गड्डा परसात, आत्तींच्या खिडकीखाली लावला. (सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो.) आणि दुकानातली एक कोरी लाल वही मागून घेतली. पहिली नोंद अशी: २९ जानेवारी १९९१, हेलिकोनिया, गड्डा १, बंगळूर, रु. ३०. शेजारी शेऱ्याचा रकाना.

आत्तींनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "ह्याचं फूल देवाला चालतं?"

"नाही बहुतेक."

"वास?"

"नाही."

"भाजी होते?"

"नाही आत्ती."

"मग पोसायचं कशाला?"

हा प्रश्न पुढं पंचवीस वर्षं आमच्या घरात होता. मी नवीन रोप आणलं की तो आत्तींच्या तोंडून यायचाच. आत्तींचा स्वतःचा फुलांचा हिशोब पक्का होता. आपल्या दक्षिण महाराष्ट्रात पूजेला फुलं लागतात, पद्मावतीमातेला तर हवीतच. म्हणून अंगणात देवचाफा, झेंडू, निशिगंध, मोगरा. फुलं तोडायच्या आधी फांदी हलकेच हलवायच्या, कीटक असेल तर उडून जावा म्हणून. सूर्य उगवल्याशिवाय झाडाला हात नाही. हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले आणि त्यात आजही बदल केलेला नाही.

पण एकदा मलाही मुद्दा सापडला. एका बागकामाच्या पुस्तकात वाचलं की देवचाफा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. झेंडू मेक्सिकोचा. निशिगंध तोही मेक्सिकोचा. मी पुस्तक घेऊन आत्तींकडे गेले. म्हटलं, तुमची निम्मी परडी परदेशातून आलेली आहे. समुद्र ओलांडून आली, इथल्या मातीत रुजली आणि देवाला चालायला लागली. आत्तींनी शांतपणे ऐकून घेतलं. वाती वळता वळता म्हणाल्या, "मग तुझंही शंभर वर्षांनी चालेल. तोवर मोगऱ्याला पाणी घाल."

अशा बाईशी वाद काय घालणार!

तरी माझी हौस वाढतच गेली. अँथुरियम आलं, ज्याचं लाल चकचकीत 'फूल' म्हणजे खरं तर एक पान असतं, आणि खरी फुलं मधल्या दांडीवर मोहरीएवढी. बोगनवेलीच्या नऊ रंगांच्या नऊ कुंड्या झाल्या. तिचंही तसंच, रंगीत ती पानं, फूल आत नखाएवढं पांढरं. या बोगनवेलीची एक गोष्ट मला फार आवडते. अठराव्या शतकात फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल जगप्रदक्षिणेला निघाला, त्याच्या जहाजावर कॉमर्सन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. ब्राझीलमध्ये त्यांना ही वेल मिळाली आणि तिला कप्तानाचं नाव दिलं. कॉमर्सनचा मदतनीस, जो डोंगर चढून रोपं गोळा करायचा आणि ओझी वाहायचा, तो प्रत्यक्षात पुरुषाच्या वेषातली बाई होती. जीन बारे तिचं नाव. पृथ्वीला फेरी मारणारी ती पहिली स्त्री मानतात. वेलीला नाव मात्र कप्तानाचं. असो.

मग आमरी, म्हणजे ऑर्किड. सांगलीसारख्या गावात ऑर्किड म्हणजे वेडेपणा. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला आणि हवा भट्टीसारखी कोरडी. पण डेंड्रोबियम चिवट असतात. त्यांना माती लागतच नाही. कोळशाचे आणि विटेचे तुकडे, नारळाची सोडणं, बस्स. मला यात एक वेगळंच सुख होतं. माती उकरायची नाही, त्यामुळे गांडुळाला खुरपं लागायची भीती नाही. वर हिरवी जाळी बांधायची, उन्हाळ्यात भोवती ओलं गोणपाट टांगायचं आणि सकाळी पाणी शिंपडायचं. मुळं हवेतच लोंबतात. कोरडी असताना ती चंदेरी पांढरी दिसतात आणि पाणी पडताच डोळ्यांदेखत हिरवी होतात. नातवंडांना मी हे जादू म्हणून दाखवते.

ज्यांना झाडं लावायची आहेत त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी इथंच सांगून टाकते. रोपवाटिकेत 'तयार माती' घेताना त्यात काय आहे ते विचारा. फुलझाडांसाठी बोनमील सर्रास घालतात, आणि बोनमील म्हणजे हाडांचा चुरा. पोत्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. मी सुरुवातीची तीन वर्षं नकळत वापरलं. आता शेणखत आणि निंबोळी पेंड, एवढ्यावर भागवते. फुलं थोडी कमी येतात, येऊ देत. दुसरं, कुंड्या बदलायचं काम मृगाचा पाऊस पडला की लगेच करायचं आणि चातुर्मास बसायच्या आत संपवायचं. चातुर्मासात मातीत हात घालू नये, जीवोत्पत्ती फार असते. बागकामाची पुस्तकं सांगतात, पावसाळाभर लागवड करा. पुस्तकं लिहिणाऱ्यांना चातुर्मास नसतो. आणि कुंडी बदलताना माती ताटात पसरून बोटांनी चाळायची, गांडूळ सापडलं की ओल्या जागी सोडायचं. वेळ लागतो. लागू दे.

आता एक गोष्ट, जी लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

२०१२ चा उन्हाळा असावा. जास्वंद आणि अडेनियमवर पिठ्या ढेकूण पडला. पांढरा कापसासारखा, पानांच्या बेचक्यात. मी पाण्याच्या धारेनं धुतला, परत आला. कपड्याच्या बोळ्यानं पुसला, परत आला. अडेनियमच्या कळ्या उमलण्याआधीच वाळून गळायला लागल्या. आफ्रिका आणि अरबस्तानाकडचं हे झाड, बुंधा हत्तीच्या पायासारखा, माझं आठ वर्षांचं होतं. रोपवाटिकेतल्या माणसानं एक बाटली दिली. "मुळाशी ओता ताई, फवारायचीसुद्धा गरज नाही. झाडात भिनतं." मी काय आहे ते विचारलं नाही. विचारलं नाही म्हणण्यापेक्षा, मला विचारायचं नव्हतं. ओतलं.

ढेकूण गेला. आठ-दहा दिवसांत अडेनियम फुलांनी भरलं. आणि एका सकाळी त्याच्या कुंडीच्या भोवती मला मधमाशा पडलेल्या दिसल्या. काही अजून पाय हलवत होत्या. मी हिशोबाची बाई, मी मोजल्या. अकरा. झाडात भिनतं म्हणजे फुलातही भिनतं, मधातही भिनतं, हे मला तेव्हा कळलं.

आपण मध खात नाही. माशांना त्रास नको म्हणून चमचाभर मध तोंडात घालत नाही आणि मी त्यांच्या ताटात विष वाढलं होतं. ढेकणाचं काय, तो तर मी ठरवूनच मारला होता. त्याला तीन इंद्रियं, माशीला चार. कुणाचं पाप किती, हा हिशोब मला मांडता आला नाही. त्या दिवशी मी अडेनियमची सगळी फुलं आणि कळ्या खुडून फडक्यात बांधून टाकल्या, म्हणजे आणखी कुणी येऊ नये. आलोचना पाठ म्हणताना रडू आलं. महिनाभर एकाशन केलं. आत्ती काही बोलल्या नाहीत, फक्त रोज त्या वेळेला माझ्याबरोबर माळ घेऊन बसत होत्या.

वहीत त्या दिवशीची नोंद आहे. शेऱ्याच्या रकान्यात "११" एवढंच.

त्यानंतर विष आणलं नाही. ढेकूण पडला की ती फांदी कापून परसाच्या कोपऱ्यात ठेवते, झाड दूर नेते, आणि तरीही गेलं तर जाऊ देते. फांदी कापणं हीदेखील हिंसाच, मला ठाऊक आहे. कमी-जास्तच फक्त निवडता येतं.

आत्ती २०१६ साली गेल्या. शेवटचे आठ महिने त्या अंथरुणावर होत्या. पाठीचं दुखणं होतं, कूस बदलायची तरी दोघी लागायच्या. खाट खिडकीपाशी घेतली होती आणि खिडकीबाहेर ते हेलिकोनियाचं बेट, आता पुरुषभर उंच. त्या लाल चोचींवर शिंजीर यायचा. अंगठ्याएवढा पक्षी, उन्हात जांभळा चमकणारा, बाक असलेली चोच. हेलिकोनियाच्या मूळ मुलखात, दक्षिण अमेरिकेत, हे काम हमिंगबर्ड करतात. इथं हमिंगबर्ड नाहीत. शिंजिराला ते फूल कुणी शिकवलं कोण जाणे, पण तो सकाळी नऊच्या सुमाराला येणार म्हणजे येणारच.

सुरुवातीला आत्ती त्याच्याकडे बघायच्या पण बोलायच्या नाहीत. पुढं पुढं मी पेज घेऊन गेले की पहिलं वाक्य, "आज आलं नाही अजून ते." मग मीही थांबायचे. तो यायचा, एका चोचीतून दुसऱ्या चोचीत डोकं खुपसायचा, उडून जायचा. मग आत्ती पेज घ्यायच्या. एकदा मी न राहवून म्हटलं, "आत्ती, हे फूल देवाला चालत नाही बरं का." त्यांनी माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं, "त्या पाखराला काय ठाऊक."

एवढंच. हेलिकोनियाबद्दल त्या एकूण पंचवीस वर्षांत याहून चांगलं काही बोलल्या नाहीत.

आत्ती गेल्यावर माझी हौस कमी व्हायला हवी होती, ती वाढली. घर रिकामं वाटायचं, म्हणून रोपं आणायची. नातेवाईक कुठेही गेले तरी माझ्यासाठी फांदी घेऊन यायचे. २०१८ च्या चातुर्मासात माताजींनी दुपारच्या स्वाध्यायाला 'रत्नकरण्ड श्रावकाचार' घेतलं होतं. समंतभद्र आचार्यांनी त्यात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातला शेवटचा प्रमादचर्या, म्हणजे काही प्रयोजन नसताना माती उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं-पानं तोडणं. मी पुढच्या रांगेत बसले होते. माझे कान तापले. प्रयोजन! आत्तींनी पंचवीस वर्षं हाच तर शब्द न वापरता हेच विचारलं होतं.

स्वाध्याय संपल्यावर मी माताजींना सगळं सांगितलं आणि विचारलं, माझी बाग अनर्थदंडात येते का? त्यांनी उलट विचारलं, "किती झाडं आहेत?"

"एकशे शहाऐंशी," मी म्हटलं.

"लगेच सांगितलंस. आज णमोकाराच्या माळा किती झाल्या?"

मला आठवेना. माताजी हसल्या. म्हणाल्या, "झाडं ठेव. मोजणं बघ."

मी घरी आले आणि त्याच्यावर विचार करायचं टाळलं. पुढच्याच आठवड्यात दोन क्रोटन आणि एक पांढरं अँथुरियम आणलं. खोटं कशाला सांगू.

मग २०१९ चा ऑगस्ट. सांगलीकरणींना सांगायला नको. आमचं घर गावभागात. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, त्यामुळे पाणी कुठवर येतं याचा अंदाज आहे अशी आमची समजूत होती. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आम्ही वेळेवर मिरजेला मावसदिरांकडे गेलो. निघताना तासभरच हातात होता. मी देव घेतले, औषधं, कागदपत्रं घेतली. कुंड्या जिन्यानं वर न्यायला लागले, चार नेल्या, तेव्हा हे पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले.

नऊ दिवसांनी परत आलो. तळमजला पुरता बुडाला होता. दारातून आत पाऊल टाकलं तर घोट्याच्या वर गाळ, आणि वास असा की आजही पावसात कधी तसा वास आला तर पोटात ढवळतं. परसात एकही कुंडी जागेवर नव्हती. काही शेजारच्या भिंतीला जाऊन अडकल्या होत्या, काहींची नुसती खापरं. बोगनवेली उन्मळून एकमेकींत गुंतलेल्या. आठ वर्षांचं अडेनियम, जे मी विष घालून वाचवलं होतं आणि जे आता पंधरा वर्षांचं झालं होतं, ते बुंध्यापासून सडून लगदा झालं होतं. गच्चीवर होतं तेवढं राहिलं, मुख्यतः आमरी. आणि वही, कारण ती वरच्या कपाटात होती. लोकांची घरंदारं, जनावरं गेली होती, तिथं मी कुंड्यांसाठी रडतेय याची लाज वाटत होती, म्हणून गच्चीवर जाऊन रडले. वही काढून एकेका नावासमोर काट मारली. एकशे त्रेचाळीस काटा.

सप्टेंबरच्या तीन तारखेला दशलक्षण सुरू झालं. बस्तीच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून होती. त्या वर्षी पूजा साधीच झाली. नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, मी देवासमोर उभी होते आणि मला माताजींचं "मोजणं बघ" आठवलं. काही माझं नाही, हे शब्द मी चाळीस वर्षं म्हणत आलेय. त्या दिवशी म्हणताना पहिल्यांदा वाटलं की हे मला कुणीतरी महिन्यापूर्वीच वाचून दाखवलंय. तिथंच नियम घेतला. एक्कावन्न. जमिनीतलं एक बेट म्हणजे एक कुंडी. बावन्नावं आलं तर आधी एक घराबाहेर जाणार, चांगलं जगतं-वाढतं, मेलेलं नव्हे.

एक्कावन्नच का, असं सूनबाईनं विचारलं होतं. शास्त्रात काही आधार नाही. पन्नास म्हटलं तर सोवळं वाटेना, आणि आपल्याकडे आहेर एकानं वाढवूनच देतात.

दशलक्षण संपून दोन दिवस झाले असतील. परसातला गाळ काढायला माणसं लावली होती. खिडकीखाली त्यांनी फावडं घातलं आणि मी ओरडले, "थांबा, थांबा." वाळलेल्या गाळाला भेग पडली होती आणि त्यातून पोपटी सुरळी वर आली होती. बोटभर. हेलिकोनियाचा गड्डा खाली जिवंत होता. त्या वेळी मला अनंतकायाचा अर्थ पुस्तकातल्यापेक्षा वेगळा कळला, तो नीट शब्दांत सांगता येत नाही.

नियम घेतल्यापासून माझ्या घरून वीस-बावीस झाडं बाहेर गेली असतील. द्यायचं कुठलं, हे ठरवणं आणायचं कुठलं यापेक्षा कितीतरी कठीण. पहिल्यांदा मी लबाडी केली, रोगट क्रोटन काढून दिलं. मग रात्रभर झोप नाही, सकाळी जाऊन ते परत आणलं आणि फुललेलं डेंड्रोबियम देऊन आले. शेजारच्या काकूंनी त्याचं वर्षात मातेरं केलं, पण ते आता त्यांचं. वाढदिवसाला, बारशाला, सुनेच्या डोहाळजेवणाला मी झाडंच देते. मंडळातल्या निम्म्या घरांत माझी हेलिकोनिया आहे आणि तिथं शिंजीर येतो की नाही याची फोनवर चौकशी मी करते. हे मोजणंच झालं म्हणा. खोड जाता जाता जाईल.

तर आता हा जेड वाईन. व्हरांड्यात सावलीला ठेवलाय. त्याला मुळाशी गारवा लागतो, हवेत दमटपणा लागतो, आणि पेलायला भक्कम मांडव, कारण वाढला की फार जड होतो. फुलायला तीन-चार वर्षं सहज. मला सहासष्ट चालू आहे. सांगलीच्या उन्हाळ्यात तो जगेल का, हाच आधी प्रश्न. हे म्हणतात, मांडवाचं मी बघतो. तीस रुपयांच्या गड्ड्याला हसणारे हेच.

काल संध्याकाळी मी वही घेऊन गच्चीत बसले. एक्कावन्न नावं तीनदा वाचली. पांढरं अँथुरियम द्यावं, तर त्याला नुकतंच नवं पान आलंय. जुनी बोगनवेल द्यावी, तर ती पुरातून वाचलेल्यांपैकी एक. सूनबाई शेजारी येऊन बसली. तिचं माहेर इंदूरकडचं, तेरापंथी. त्यांच्याकडे पूजेला फुलं नसतातच, केशरात रंगवलेले तांदूळ फुलं म्हणून वाहतात, त्यामुळे आमच्या फुलांच्या वादात ती नेहमी तटस्थ असते. तिनं वहीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "आई, नियम कुंड्यांचा आहे ना? तो तर पिशवीत आहे."

मी तिला म्हटलं, बी.कॉम. मी झालेय, तू नाहीस.

पण पिशवी अजून व्हरांड्यातच आहे. शेजारी अँथुरियमही आणून ठेवलंय. आज सकाळी दोघांना पाणी घातलं. कुणाच्या घरी पांढऱ्या अँथुरियमला सावलीची जागा असेल, तर रविवारपर्यंत कळवा.